सासूबाईंचा काढा आणि निफाडची थंडी

प्रश्न : ताई, आमची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. दिवाळी झाली की सासूबाई घरभर काढा सुरू करतात: तुळस, आलं, गवती चहा, मिरी, लवंग, अडुळसा, गुळवेल, ज्येष्ठमध. त्यांचं वय ६८, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. यंदा कोरडा खोकला हटेना म्हणून काढा दिवसातून तीनदा घेतात आणि ज्येष्ठमधाची काडी तर तोंडातच असते. आता संध्याकाळी पाय सुजतात. जडीबुटीने काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं का?
– एक सून, निफाड तालुका

उत्तर : पहिलं काम आजच करा, ती काडी काढून घ्या. रागावतील, रागावू देत.

ज्येष्ठमध गोड लागतो आणि घशाला बरा वाटतो, म्हणून तो निरुपद्रवी असल्याचा समज आहे. पण त्यातला गोडवा देणारा घटकच शरीरात मीठ-पाणी साठवून ठेवतो आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतो. पाय सुजतात, प्रेशर चढतं, गोळी चालू असूनही. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम दुहेरी घटतं. मग पायात गोळे, अशक्तपणा, छातीत धडधड. त्यांना या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या, प्रेशर आणि पोटॅशियम दोन्ही बघून घ्या. धडधड किंवा चक्कर असेल तर आजच. आणि काढ्यात काय काय होतं ते सांगा. आपण गोळ्यांची नावं सांगतो, काढा सांगायचा राहतो. काडी सोडली तरी असर उतरायला काही दिवस जातील.

आता खोकला. गोळीच्या पाकिटावर रॅमिप्रिल, एनालाप्रिल असं ‘प्रिल’ने संपणारं नाव आहे का बघा. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो कुठल्याच काढ्याने जात नाही. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. दुसरं, पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून तुमच्याकडे बागेत रात्री शेकोट्या पेटतात. तो धूर पहाटेपर्यंत घराभोवती रेंगाळतो. सासूबाई तेव्हाच सडा घालायला बाहेर पडत असतील, तर तुळस बिचारी काय करणार? खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकीची तपासणीही करून घ्या.

माझ्या पंचवटीतल्या दवाखान्यात थंडी सुरू झाली की लोक पिशवीभर काड्या-मुळ्या घेऊन येतात आणि विचारतात, यात आणखी काय घालू? काय काढू, असं कोणी विचारत नाही. तुमच्या काढ्यातून मी ज्येष्ठमध, गुळवेल आणि अडुळसा काढेन. गुळवेल महिनोन्महिने घेतल्यावर यकृताला त्रास झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. ती रोजच्या चहासारखी पिण्याची वस्तू नव्हे. अडुळसा औषध आहे, कफ असेल तेव्हा, बेताने. गरोदर बाईला नाहीच. मिरी-लवंगेने पित्त खवळत असेल तर त्याही वगळा.

उरलं ते रोजचं. दोन कप पाण्यात गवती चहाची दोन पाती, तुळशीची चार-पाच पानं, बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून. उकळी आली की गॅस बंद करायचा आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं. तासभर उकळत ठेवलं तर वास सगळ्या घराला आणि कपात नुसतं तिखट पाणी. सकाळी एक कप पुरे. सासूबाई रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील तर तुळस-आलंही डॉक्टरांना विचारूनच. रात्री कोमट मीठपाण्याच्या गुळण्या आणि पायांना तिळाचं तेल. बाजरीची भाकरी, तूप, डिंकाचा एखादा लाडू चालू आहेच, त्यात मी कशाला पडू.

प्रश्न : सात महिन्यांच्या नातवाला सर्दी आहे. ओवा-कापराची पुरचुंडी उशाशी ठेवू का? मधाचं चाटण चालेल?
– एक आजी, सिडको

उत्तर : मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्याला जिवावर बेतू शकतं, मध कितीही शुद्ध असो. कापूरही नको, त्याने लहान मुलांना झटके येतात. भाजलेल्या ओव्याची गरम पुरचुंडी बाळाच्या अंगाला लावू नका, पोळतं. नाक चोंदलं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मीठपाण्याचे थेंब पाजण्याआधी नाकात घाला. बाळ दूध ओढत नसेल, श्वास भरभर चालत असेल किंवा श्वास घेताना बरगड्या आत जात असतील, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.