तोडफोड चालू, रुग्ण शेजारी

प्रश्न : आमच्या ४० खाटांच्या रुग्णालयात आयसीयूला लागून असलेली भिंत पाडायची आहे. कंत्राटदार म्हणतो, हिरवी जाळी बांधतो आणि दिवसातून दोनदा पाणी मारतो. तेवढं पुरेल ना? (एक व्यवस्थापक, सांगली)

उत्तर : नाही. जाळी खडे अडवते. खरी भीती आहे ती अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या बीजाणूंची. ते जेमतेम २ ते ३.५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. जुन्या भिंतीत आणि फॉल्स सीलिंगवरच्या धुळीत ते दडून असतात, आणि एकदा उडाले की तासन्‌तास हवेत तरंगतात. धडधाकट माणसाच्या श्वासातून ते रोजच आत जातात, काही बिघडत नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या, प्रत्यारोपण झालेल्या किंवा जास्त स्टिरॉइडवर असलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात मात्र तेच जीवघेणे ठरू शकतात. म्हणून पहिला घाव पडण्याआधी असे रुग्ण दूरच्या वॉर्डात हलवा.

मग आडोसा. तो प्लायचा किंवा जिप्सम बोर्डाचा हवा, आणि जमिनीपासून थेट स्लॅबपर्यंत. बहुतेक ठिकाणी तो फॉल्स सीलिंगपाशीच थांबतो आणि धूळ वरच्या पोकळीतून शेजारच्या वॉर्डात उतरते. सांधे टेपने बंद करा. कामाच्या जागेतल्या एसीच्या जाळ्याही बंद करा, नाहीतर डक्टच धूळ पोहोचवेल.

तरी नुसत्या आडोशाने भागत नाही, कारण दार उघडणारच. हवा वॉर्डातून कामाच्या जागेकडे ओढली गेली पाहिजे, उलट नव्हे. त्यासाठी हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कणही अडवणारी गाळणी) लावलेला एक्झॉस्ट बसवून आतला दाब वॉर्डापेक्षा किमान २.५ पास्कल कमी ठेवतात. खिडकीतला साधा पंखा धूळ वरच्या मजल्याच्या खिडकीत नेऊन सोडतो. रोज सकाळी दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती कामाच्या बाजूला झुकली तर ठीक. (अगरबत्तीच्या धुराचा उपाय बरेच जण सुचवतात. ऑक्सिजन चालू असलेल्या आयसीयूशेजारी तो मुळीच नको.) संध्याकाळी मजूर निघाले की वीज वाचवायला बरेच जण एक्झॉस्ट बंद करतात, तेव्हा धूळ अजून खाली बसलेलीही नसते. शेवटची साफसफाई होईपर्यंत तो चोवीस तास चालू राहू द्या.

राडारोडा ओला करून झाकलेल्या गाडीतून, रुग्णांची लिफ्ट सोडून न्या. कोरडा झाडू बंद, ओलं पुसणंच. आडोसाही आतली सफाई झाल्यावरच काढा.

प्रश्न : वडिलांची केमो चालू आहे. रुग्णालयात बांधकाम सुरू आहे. त्यांना साधा सर्जिकल मास्क चालेल का?

उत्तर : बीजाणूंसाठी नाही, तो कडेने सैल असतो. एक्स-रे किंवा तपासणीसाठी खोलीबाहेर नेताना एन-९५ लावा. धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खोलीचं दार मिटलेलं ठेवा.

प्रश्न : दोन महिने बंद असलेला वॉर्ड परत सुरू करतोय. पाण्याचं काही पाहावं लागतं का?

उत्तर : हो, आणि नेमकं हेच राहून जातं. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंशांत, न्यूमोनिया घडवणारे लीजिओनेला जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातात. शॉवरचं तोंड आणि नळांच्या जाळ्या काढून साफ करा. मग प्रत्येक नळ, थंड आणि गरम दोन्ही, तुषार उडू न देता हळू उघडून ताजं पाणी येईपर्यंत वाहू द्या. साठवणीचं गरम पाणी ६० अंशांवर ठेवा. नूतनीकरणात निरुपयोगी झालेला पाइप नुसतं बूच मारून सोडू नका, मुख्य लाइनपाशीच कापून टाका.