मुंबईच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावं?

सगळ्यात आधी लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेतून बाहेर काढा. बॅगेचं कापड आणि फोम ओल धरून ठेवतात, आणि बंद कपाटातली बॅग म्हणजे बुरशीला आयतं घर. रबरी कडा असलेला, घट्ट झाकणाचा १०-१५ लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे) आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. ६०च्या वर बुरशी वाढते. ३०च्या खाली नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. हे नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात.

एसीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

महिन्यातून एकदा मोबाइलच्या टॉर्चने लेन्स आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स लगेच वेगळी ठेवा. घरी उघडू नका, फोर्टातल्या बोरा बाजार भागात दुरुस्तीवाले मिळतात. उशीर झाला तर बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, आणि ते परत येत नाही.