डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली शपथ

गेल्या महिन्यात प्रवचनात गुप्त संघटनांचा विषय निघाला आणि त्यानंतर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या चार इथे घेतो.

पास्टर, धंद्यातले एक ज्येष्ठ मला फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, बोलावतात. तिथे दानधर्म होतो, बायबलही असतं. मग हरकत काय? – एक व्यापारी, सदर

दानधर्म खराच आहे. माझं अडतं ते दारातच. पहिल्या पायरीच्या विधीत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, गळ्यात दोर असतो. आत नेमकं काय आहे हे कळायच्या आधीच ते गुप्त ठेवण्याची शपथ घ्यायची. सातबारा न बघता तुम्ही जमिनीच्या कागदावर सही कराल का? मग देवाला साक्षी ठेवून अशी सही कशी कराल? लेवीय 5:4 अविचाराने घेतलेल्या शपथेला दोष म्हणतं, आणि प्रभू तर म्हणतो, तुमचं होय ते होय असू द्या.

बायबल असतं, पण आपल्या देशातल्या लॉजमध्ये त्याच्या शेजारी इतर धर्मग्रंथही असतात. देवाला ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हणायचं आणि येशूचं नाव बाहेर ठेवायचं. शेजाऱ्याच्या धर्मग्रंथाचा मी मान राखतो, पण ज्या प्रार्थनेत ख्रिस्ताला जागा नाही ती मला करता येत नाही. तिसऱ्या पायरीत हिरामच्या खुनाचं नाट्य होतं आणि उमेदवाराला मेलेल्यातून उठवल्यासारखं करतात. 1 राजे 7 मधला हिराम पितळेचं काम करणारा कारागीर, एका विधवेचा मुलगा. त्याचा खून बायबलमध्ये कुठेच नाही. पुनरुत्थान ज्याच्या विश्वासाचा गाभा आहे, त्याने अशा नाट्यात उभं राहू नये.

माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते, त्यांच्यात याला सक्त मनाई आहे. खरं का?

खरं आहे. पोप बारावे क्लेमेंट यांनी 1738 मध्ये बंदी घातली, 1983 मध्ये व्हॅटिकनने ती कायम असल्याचं जाहीर केलं आणि 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मात्र एकमत नाही.

पहिले ख्रिस्तीही लपूनछपून जमत होतेच ना? आणि व्हॉट्सॲपवर येतं की इल्युमिनाटी नावाची गुप्त संघटना जग चालवते, ते खरं का? – कॉलेजचा विद्यार्थी

ते लपत होते जिवाच्या भीतीने, शिकवण लपवायला नव्हे. सन 112 च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला कळवलं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताची स्तुती गातात आणि चोरी, व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. त्या शपथेत लपवण्यासारखं काय आहे?

इल्युमिनाटी 1776 मध्ये बव्हेरियात निघाले आणि दहा वर्षांच्या आत सरकारी बंदीने संपले. पुरावा नसताना असे मेसेज पुढे ढकलणं म्हणजे खोटी साक्ष देणंच, दादा. लोकांना घाबरवायची घाई सैतानाला असते. आपण ती करू नये.

मी वीस वर्षांपूर्वी शपथ घेतली. आता सोडायचंय, पण मोडली तर शाप लागेल असं वाटतं. बायकोला अजून माहीत नाही.

तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली. गळा चिरला जाईल असले शब्द इंग्लंडच्या ग्रँड लॉजने स्वतःच 1986 मध्ये शपथेतून काढले. आणि शाप? तो ख्रिस्ताने आपल्यावर घेतला, गलतीकरांस पत्र 3:13 वाचा. लेवीय 5:5 पुढची वाट सांगतं: पाप कबूल करा. लॉजच्या सेक्रेटरीला साधा राजीनामा लिहा. दुसऱ्या कुणाची नावं उघड करायची गरज नाही.

पण आधी बायकोला सांगा. मोहननगरातल्या एका आजोबांनी मला लॉजमध्ये बांधायचा तो पांढऱ्या चामड्याचा एप्रन प्लास्टिकच्या पिशवीत आणून दाखवला होता. तीस वर्षं तो ट्रंकेत, आजींच्या लग्नाच्या शालूखाली होता. आजी शेजारीच बसल्या होत्या. एप्रनकडे न बघता त्या एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं, तुमचं दुसरं घर आहे.”

रविवारी उपासनेनंतर दोघंही या. मी वाट बघतो.