अमेरिकेत फेडरल गुन्ह्याचा आरोप झाल्यास बचाव कसा करावा आणि खटला कसा चालतो?

आपल्या भावाला अमेरिकेत फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या तपास अधिकाऱ्यांनी चौकशीसाठी बोलावले आहे आणि तो एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, असे आपण लिहिले आहे. त्याने वकिलाशिवाय काहीही बोलू नये. गप्प राहण्याचा हक्क पाचव्या घटनादुरुस्तीने परदेशी नागरिकालाही दिला आहे. याउलट अधिकाऱ्यांना जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला सामान्यतः ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे मूळ आरोप टिकला नाही तरी माणूस त्यातच अडकू शकतो.

गंभीर गुन्ह्यात आरोपपत्र ग्रँड ज्युरीकडून, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून, यावे लागते. तिच्यात १६ ते २३ नागरिक असतात, किमान १२ जणांची संमती लागते आणि बचावाच्या वकिलाला आत प्रवेशच नसतो. म्हणून आरोपपत्र निघाले म्हणजे दोष सिद्ध झाला, असे मुळीच समजू नये. पुढे जामीन, पुराव्यांची देवाणघेवाण आणि पुरावा वगळण्याचे अर्ज होतात. खटला ७० दिवसांत सुरू व्हावा असा कायदा आहे, पण त्यातून वगळल्या जाणाऱ्या कालावधींमुळे तो बराच लांबतो.

प्रत्यक्षात बहुतेक आरोपी सरकारी पक्षाशी तडजोड करून गुन्हा कबूल करतात. आपल्या भावाच्या बाबतीत खरी जोखीम इथेच आहे, कारण काही गुन्ह्यांच्या कबुलीने हद्दपारी जवळजवळ अटळ होते. तो धोका अशिलाला सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात ठरवले. तेव्हा तडजोडीवर सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचाही लेखी सल्ला घ्यावा.