मागची दोन चाकं की चारही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की रिअर-व्हील ड्राइव्ह (ताकद फक्त मागच्या चाकांना) आणि ऑल-व्हील ड्राइव्ह (ताकद चारही चाकांना) यांबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : बीएमडब्ल्यूची एम २ घ्यावी की एम ३४० आय एक्सड्राइव्ह, यावरून घरात दोन तट पडले आहेत. एम २ची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, दुसरीची चारही चाकांना. रोज पुण्यात बाणेर ते मगरपट्टा जाणं-येणं आहे. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाट किंवा ताम्हिणी, तेही भर पावसाळ्यात. पावसात चार चाकांवर चालणारी गाडी जास्त सुरक्षित असते, हे खरं का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच अपघात होतात. म्हणून आधी तेच घेऊ.

ब्रेक दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर असतात. ब्रेक दाबल्यावर इंजिनची ताकद किती चाकांना जाते याला काही अर्थ उरत नाही. टायर आणि रस्ता यांची पकड तेवढी उरते. चांगल्या टायरची ओल्या डांबरावरची पकड ०.६ (म्हणजे टायरवरच्या वजनाच्या ०.६ पट रेटा) धरली, तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ४२ मीटर लागतात आणि १००वरून ६५च्या पुढे. हे आकडे दोन्ही गाड्यांना सारखेच लागू. वळणात शिरतानाही तसंच. वेग जास्त झाला असेल तर चारही चाकांना ताकद देणारी गाडीही नाक सरळ ठेवून कठड्याकडे जाते.

फरक पडतो तो अ‍ॅक्सिलरेटर दाबताना. हिशोब मांडून बघा. गाडी १,७०० किलोची, वजन पुढे-मागे समान. म्हणजे उभ्या गाडीत मागच्या चाकांवर ८५० किलो. गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकतं. ओल्या रस्त्यावर जितकी झेप शक्य आहे तेवढीत साधारण शंभर किलो. मागच्या चाकांवर झाले ९५०. ०.६ पकडीने त्यांतून जास्तीत जास्त ५७० किलोचा रेटा मिळतो. त्यापुढे इंजिनने कितीही जोर लावला तरी चाकं जागच्या जागी फिरणार. चारही चाकं ढकलत असतील तर तोच रेटा हजार किलोच्या आसपास जातो. पसरणीच्या ओल्या नागमोडी वळणातून वर निघताना एक गाडी सरळ चढते आणि दुसरीत ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरलं की ताकद आवरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो, तो यामुळे.

कोरड्या रस्त्यावर हा फरक बराच आटतो. एम २ला सध्या ४८० हॉर्सपॉवर आहेत आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ती शून्यावरून शंभरला ४ सेकंदांत पोचते. एम ३४० आयला ३७४ हॉर्सपॉवर, वेळ ४.४ सेकंद. शंभरावर हॉर्सपॉवर कमी असूनही ती फक्त ०.४ सेकंदांनी मागे आहे, कारण पहिल्या गिअरमध्ये तिचं काही वाया जात नाही.

मग मागच्या चाकांची गाडी कुणी घ्यावी? ज्याला स्टिअरिंगमधून रस्ता वाचायचा आहे, त्याने. पुढच्या चाकांवर फक्त वळण्याचं काम असलं की वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडीची रेषा आवळता येते, आणि हे सगळं हाताला स्वच्छ कळतं. एम २मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्सही मिळतो, मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) इलेक्ट्रॉनिक लॉकचं आहे, आणि ट्रॅक्शन कंट्रोल किती सैल सोडायचा याच्या दहा पायऱ्या आहेत. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर वर्षातून एकदा तरी जाणार असाल, तर आम्ही डोळे झाकून एम २ सांगू.

पण तुम्ही ताम्हिणी आणि भर पावसाळा लिहिलंय, आणि रोजची चाळीस-पन्नास किलोमीटरची रहदारी. घरी ही एकच गाडी असेल तर एम ३४० आय घ्या. तिला मागच्या बाजूला एम स्पोर्ट डिफरन्शियल आहे आणि ताकदीचा कल मागे ठेवलेला आहे, त्यामुळे ती कंटाळवाणी नाही. आणि चार दारांचा उपयोग दुसऱ्याच आठवड्यात कळेल.

एक अपवाद सांगायला हवा. पोर्शे ९११चं इंजिन मागच्या एक्सेलच्याही मागे असतं आणि साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर पडतं. त्यामुळे साधी कॅरेरा ओल्या रस्त्यावरही तडक निघते. कॅरेरा आणि कॅरेरा ४ यांच्यात अडकला असाल तर पुण्यासाठी साधी कॅरेरा पुरते, आणि पुढचा शाफ्ट, डिफरन्शियल यांचं पन्नासेक किलो ओझंही वाचतं.

प्रश्न : माझी ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान आहे. चांदणी चौकाजवळच्या खड्ड्यात डाव्या पुढच्या टायरला फुगा आला. तिन्ही टायर १८,००० किलोमीटर चाललेले, चांगले आहेत. टायरवाला म्हणतो एकच बदला, सर्व्हिस सेंटर म्हणतं चारही बदला. खरं कोण बोलतंय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नक्षी मोजल्याशिवाय दोघांचंही ऐकू नका. टायरची खोली मोजायचं गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. प्रत्येक टायरवर तीन जागी मोजा : आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड. आतली कड नेहमी चुकते, कारण ती मोजायला स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाकावं लागतं. आणि कॅम्बर असलेल्या, म्हणजे चाकं वरून आत कललेल्या गाड्यांत तीच आधी गोटा होते.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर असते. तुमचे तीन टायर ४ वर आले असतील असं धरू. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात २५ मिलिमीटर. टायरचा घेर सुमारे २ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला ५०० फेरे. झिजलेला टायर त्याच अंतरात ५०६ फेरे घेतो. पुढचे दोन्ही नवे आणि मागचे दोन्ही जुने असतील, तर पुढचा आणि मागचा शाफ्ट दर किलोमीटरला सहा फेऱ्यांनी एकमेकांशी भांडतात. एकच टायर नवा असेल तर डिफरन्शियल अर्धा फरक गिळतं, तीन फेरे उरतात. हा फरक ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतल्या) क्लच प्लेट घसरून भरून काढतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या ९४ किलोमीटरमध्ये त्या एकदाही मोकळ्या होत नाहीत. तेल तापतं, काळं पडतं, प्लेट झिजतात, आणि काही महिन्यांनी कमी वेगात वळताना गाडी अडखळायला लागते. त्या दुरुस्तीच्या पैशांत टायरचे दोन-तीन जोड येतात.

आमचा नियम असा : सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी नक्षीत २ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर एकच टायर चालेल, मात्र तोच ब्रँड, तोच मॉडेल, तोच साइज. गाडीच्या पुस्तिकेत याहून कडक मर्यादा दिली असेल तर ती पाळा. फरक त्याहून जास्त असेल तर चार. पुढे दोन नवे टाकून मागे जुने ठेवणं ऑल-व्हील ड्राइव्हला सर्वांत वाईट, आणि सगळ्यात जास्त केलं जातं तेही हेच.

गाडीतला स्पेअर लहान घेराचा असेल तर तो फक्त टायरच्या दुकानापर्यंत, हळू. आणि गाडी बंद पडली तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा. पुढची चाकं उचलून मागची फरफटत नेणाऱ्या टोइंगवाल्याला गाडीला हात लावू देऊ नका.

प्रश्न : फोर्ड मस्टँग चालवतो. पहिल्या पावसात कात्रज घाटातून उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये गेलो आणि शेपूट क्षणभर बाजूला गेलं. ब्रेक दाबला नव्हता, अ‍ॅक्सिलरेटरही नाही. मग घसरली कशाने?
— एक वाचक, धायरी

उत्तर : इंजिन ब्रेकिंगने. मागच्या चाकांच्या गाडीत गिअर उतरवला की इंजिनचा सगळा अडथळा फक्त मागच्या दोन टायरांवर येतो. उतारामुळे वजन आधीच पुढे गेलेलं, म्हणजे मागचे टायर हलके. त्यात ५ लिटरचं व्ही-८ इंजिन. पहिल्या सरीत महिन्यांची धूळ आणि सांडलेलं डिझेल एकत्र होऊन डांबरावर साबणासारखा थर चढतो. जोराच्या दोन-तीन पावसांनंतर तो धुतला जातो. सगळ्या गोष्टी एकाच क्षणी जुळल्या.

उतारावर गिअर वळणाआधी, सरळ पट्ट्यात उतरवा. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला हलकी थाप द्या, म्हणजे इंजिनचा वेग चाकांशी जुळतो, आणि मग क्लच सावकाश सोडा. पावसात एक गिअर वरचाच ठेवा. वेट मोड असेल तर सरी सुरू होण्याआधीच लावा. ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) कधीही बंद करू नका, घाटात तर नाहीच.

तरीही शेपूट सुटलं तर मॅन्युअल गाडीत क्लच दाबा, म्हणजे मागची चाकं मोकळी होतात. नजर जिथे जायचंय तिथे, हात नजरेमागे. शेपूट डावीकडे गेलं तर स्टिअरिंग डावीकडे, आणि गाडी सावरायला लागली की लगेच सरळ करा. दुसरा झटका उलट बाजूला बसतो तो इथे उशीर झाल्यामुळे. बहुतेक गाड्या त्या दुसऱ्या झटक्यात कठड्याला लागतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना घसरली तर पाय हळूहळू काढा, फटकन नाही.

टायरची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण मागच्या रुंद टायरला पावसाळ्याआधी किमान ३ हवेत. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. पावसात हवा कमी करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने तरंगणं वाढतं. साइडवॉलवरच्या चार आकड्यांवरून वयही पाहा : २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. तुमचे टायर त्या काळातले असतील तर नक्षी कितीही दिसो, रबर कडक झालेलं आहे. बदला.

प्रश्न : २०१६ची ऑडी टीटी क्वाट्रो बघतोय, ५०,००० किलोमीटर चाललेली. इंजिन उत्तम आहे. क्वाट्रोसाठी, म्हणजे ऑडीच्या ऑल-व्हील ड्राइव्ह यंत्रणेसाठी, काय तपासावं?
— एक वाचिका, वानवडी

उत्तर : टीटीचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे आणि मुळात ती पुढच्या चाकांवर चालते. मागची चाकं हाल्डेक्स कपलिंग जोडतं. क्लचच्या प्लेट, त्यांना दाब देणारा छोटा विजेचा पंप आणि पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी. प्लेटची झीज तेलात मिसळून त्या जाळीत साचते, पंप जोर लावून लावून जळतो, आणि गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालायला लागते. बऱ्याचदा दिवाही लागत नाही. मालकाला वर्षभर पत्ता नसतो.

म्हणून कागद आधी मागा. हाल्डेक्सचं तेल साधारण दर तीन वर्षांनी बदललं पाहिजे, म्हणजे या गाडीत आतापर्यंत किमान तीनदा तरी. नुसतं तेल बदललं असेल तर ते अर्धंच काम. पंप बाहेर काढून जाळी धुतली का, हे विचारा. तेल एक लिटरपेक्षाही कमी लागतं आणि पंप दोन स्क्रूंवर बसतो, तरी पुष्कळ गॅरेजं तो काढतच नाहीत. एस ट्रॉनिक (ऑडीचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल ६०,०००ला येतं, ते किमतीत धरा.

मग प्रत्यक्ष चाचणी. ओल्या मातीच्या मोकळ्या जागेत उभ्या गाडीला पटकन अ‍ॅक्सिलरेटर द्या. पुढची चाकं फिरत राहिली आणि मागून ढकल जाणवली नाही, तर पंप गेलेला आहे. नंतर कोरड्या सपाट जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही दिशांना सावकाश गोल फिरवा. मागून खडखड किंवा अडखळणं आलं तर जुनं तेल, झिजलेल्या प्लेट किंवा वेगवेगळे टायर. शेवटी स्कॅनर लावून ऑल-व्हील ड्राइव्हच्या मोड्यूलचे कोड वाचायला सांगा. फक्त इंजिनचे वाचून भागत नाही. पंपाचा दोष निघाला तर घाबरून सौदा सोडू नका, खर्च किमतीतून कापून घ्या. प्लेट गेल्या असतील तर मात्र सोडा.

प्रश्न : महिंद्राची बीई ६ मागच्या चाकांवर चालते, किआची ईव्ही ६ चारही चाकांवर. इलेक्ट्रिकमध्येही हाच हिशोब लागू होतो का?
— एक वाचक, निगडी

उत्तर : पकडीचा हिशोब तोच, यंत्रणा वेगळी. इलेक्ट्रिक ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढे-मागे जोडणारा शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस नसतो. पुढे एक मोटर, मागे एक. त्यामुळे कोथरूडच्या वाचकांना सांगितलेलं क्लच जळण्याचं प्रकरण इथे नाही, टायरमधला थोडा फरक सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. तरी एका एक्सेलवर टायरचा जोड सारखाच हवा.

चाकणमध्ये बनणाऱ्या बीई ६मध्ये मोटर मागे आहे, आणि बॅटरी मजल्यात असल्यामुळे मागच्या चाकांवर वजन चांगलं पडतं. शिवाय मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) तिचा कंट्रोलर डोळ्याचं पातं लवायच्या आत कमी करतो, पेट्रोल इंजिनला तेवढ्या चपळाईने ते जमत नाही. म्हणून पावसात मागच्या चाकांची इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा शहाणी वागते. मात्र रीजन ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटरनेच बॅटरी भरणं) मागच्याच चाकांवर येतं, म्हणजे धायरीच्या वाचकांचा कात्रजचा अनुभव इथेही येऊ शकतो. पावसात घाट उतरताना रीजन सर्वांत कमी पायरीवर ठेवा आणि वेग ब्रेकच्या पेडलने कमी करा.