झोपेचा हिशेब रात्री मांडू नये

रात्री दोन वाजता जाग येते, घड्याळ पाहिले जाते, ‘आता चारच तास उरले, उद्या कामावर माझी फजिती होणार’ हा विचार सुरू होतो आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, असे आपण लिहिले आहे. यातील जाग येण्याची मला फारशी चिंता वाटत नाही. झोपेचे एक आवर्तन, म्हणजे हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाऊन परत येण्याची फेरी, साधारण ९० मिनिटांचे असते आणि मधूनमधून थोडी जाग निरोगी माणसालाही येते. अडचण त्यानंतरच्या हिशेबाची आहे, कारण फजितीच्या नुसत्या कल्पनेने छाती धडधडू लागते, शरीर सावध होते आणि झोप दूर पळते.

‘आठ तास झालेच पाहिजेत’, ‘एक रात्र बिघडली की आठवडा गेला’ अशा समजुती मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मॉरिन यांनी १९९३ मध्ये एक प्रश्नावलीच मांडली होती. या समजुती रात्री वाद घालून जात नाहीत. त्यांची तपासणी दिवसा करावी. वहीत दोन रकाने आखावेत, एकात आदल्या रात्रीचे भाकीत आणि दुसऱ्यात संध्याकाळी प्रत्यक्ष घडले ते लिहावे. माझ्या वहीत एका बाजूला ‘उद्या वर्गात शब्द सुचणार नाहीत’ असे होते आणि समोर ‘दुपारी जांभया आल्या, हजेरी घ्यायची राहिली, तास नेहमीसारखा झाला’ अशी नोंद होती. त्रास झाला तर तोही प्रामाणिकपणे लिहावा, कारण येथे मनाची समजूत काढायची नसून अंदाज पडताळायचा आहे. (‘मला आज गाढ झोप लागणारच’ असे घोकण्याचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही, तीही एक सक्तीच होते.)

अपुऱ्या झोपेनंतरच्या रात्री शरीर गाढ झोपेचे प्रमाण आपोआप वाढवते, त्यामुळे भरपाईसाठी लवकर अंथरुणावर पडू नये आणि रविवारीही उठण्याची वेळ बदलू नये. जाग लांबली तर उठून मंद उजेडात काहीतरी निवांत वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी याच पद्धतीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलणारी, उपचारपद्धती वापरावी अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. मात्र आपण झोपेची गोळी घेत असाल तर ती मनाने बंद करू नका, आणि मोठ्या घोरण्यात श्वास अडकत असेल किंवा मन सतत उदास असेल तर वहीच्या आधी डॉक्टरांना भेटा.