खेळातली प्रार्थना

प्रश्न : म्हापशात रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात नववी-दहावीची मुलं येतात. त्यांना व्हिडिओ गेममधला ख्रिस्ती अर्थ कसा दाखवावा?

उत्तर : क्रूस, देवदूत शोधत बसू नका, ती बहुधा सजावटच असते. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) घ्या. कर्करोगाने गेलेल्या लहानग्या जोएलवर त्याच्या आईवडिलांनी केलेला हा गेम. रुग्णालयातला एकच प्रसंग दाखवा. मूल रडतंय, काही पाजलं की ओकतंय, बापाचा एकही उपाय चालत नाही. शेवटी तो प्रार्थना करतो, मूल झोपतं. इथेच थांबा. लगेच ‘प्रार्थना फळली’ म्हणालात तर घात होतो, कारण जोएल शेवटी दगावतोच. त्याऐवजी बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. वचनं सहाच, सुरुवात ‘किती वेळ?’ अशी, शेवट भरवशाचा. कुणाच्या घरी असं आजारपण असेल, तर त्या मुलाशी आधी बोलून घ्या.